तंबोरा ऐकू आला पाहिजे : वडिलांच्या कॅसेटी ते घरातलं डिजिटल गाणं

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मागे १६२ कॅसेटी ठेवल्या. त्यांतल्या २२ सांगलीत काकांच्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं आणि त्या गेल्या. पाणी ओसरल्यावर मी त्या आणल्या, धुतल्या, गच्चीवर सावलीत वाळवल्या. पण आतली फीत चिकटून तिचा गठ्ठा झाला होता. एकीवर नानांच्या अक्षरात ‘मुलतानी, घरी, गणपतीत’ एवढं अजून वाचता येतं. तो मुलतानी राग आता कुणालाच ऐकता येणार नाही.

उरलेल्या १४० कॅसेटी मी संगणकात उतरवायला घेतल्या त्या तेव्हापासून. मी मिरजेत राहते. पोस्टात ३१ वर्षं काउंटरवर होते, आता निवृत्त आहे. नाना रेल्वेत होते आणि गात होते. त्यांचा रियाज, ओळखीच्यांच्या घरच्या बैठका, मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसातलं गाणं, आकाशवाणी सांगलीवर लागलेलं काहीबाही, असं सगळं त्या फितींवर आहे. हे काम करताना जे कळलं ते इथे लिहिते. तुमच्याकडे भजनाच्या, भावगीतांच्या, आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी असतील, किंवा फक्त सीडी आणि फोनवरचं गाणं असेल, तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

माझी कसोटी पहिल्यापासून एकच आहे : तंबोरा ऐकू येतो का? हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या तुकड्यावर, मळ असला की तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझण, पहिली जाते. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जास्त चालवलं की ते खरखरीबरोबर तंबोराही काढतं. फाइल फार दाबून लहान केली की तो पाण्याखाली वाजल्यासारखा होतो. छोट्या स्पीकरवर खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालचा सूर, नाहीसा होतो. तंबोरा शाबूत असला तर गळाही शाबूत असतो, हे मी शेकडो तास ऐकून सांगते.

कॅसेट आणि डेक

आधी कॅसेट बघा. खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये, म्हणजे ॲम्प्लिफायरला जोडायच्या कॅसेटयंत्रात, घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तोंडाला मास्क बांधून, एखाद्या जुन्या टेपरेकॉर्डरवर ती पुढे-मागे गुंडाळत कोरड्या मऊ कापडानं पुसून घ्यावी लागते. बुरशी नसली तरी प्रत्येक कॅसेट वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फितीचा ताण त्यानं सारखा होतो. शिवाय एका वेटोळ्याचा आवाज शेजारच्या वेटोळ्यावर उमटून मूळ सुराच्या एक-दोन सेकंद आधी जो भुतासारखा ऐकू येतो, तोही थोडा कमी होतो.

फितीच्या मागे पितळी पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो. तो फीत हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद वाळून तुकडा पडला की आवाज दबका येतो आणि फीत खराब झाली असं वाटतं. फीत चांगली असते. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर ती उघडून दोन्ही गुंडाळ्या दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या डबीत बसवा. माझ्या १४० पैकी १७ कॅसेटी अशा वाचल्या. डबी स्क्रूऐवजी चिकटवलेली असेल तर शिवणीवर पातळ पातं घालून सावकाश उकलावी लागते.

डेकला मागे ‘लाइन आउट’च्या लाल-पांढऱ्या पिना हव्यात. हातात धरायच्या टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून काम होतं, पण तिथला आवाज कमी प्रतीचा असतो. मला पुण्याच्या जुन्या बाजारात, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, ३,५०० रुपयांना डेक मिळाला. जुन्या डेकचे रबरी पट्टे सैल झालेलेच असतात हे धरून चाला. ते बदलल्याशिवाय एकही कॅसेट उतरवू नका, कारण सैल पट्ट्यावर सूर लहरतो, आणि लहरलेला सूर नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट सरळ होत नाही. हेड आणि त्याच्या शेजारचा धातूचा फिरता दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. रबरी चाकाला नुसतं ओलसर फडकं पुरतं. मी दर पाच कॅसेटींनंतर पुसते. काडी तपकिरी निघते.

आता मी सगळ्यांना आवर्जून सांगते ती गोष्ट. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो. त्यानं हेडचा कोन बदलतो. नानांचं रेकॉर्डिंग ज्या यंत्रावर झालं त्याच्या हेडचा कोन वेगळा, माझ्या डेकचा वेगळा. हा फरक केसाएवढा असला तरी वरचे सगळे सूर विरघळतात. कॅसेट चालू ठेवून, चुंबक नसलेल्या बारीक स्क्रूड्रायव्हरनं तो स्क्रू अगदी हळू इकडे-तिकडे फिरवायचा आणि तबल्याची चाट किंवा तंबोऱ्याची झणझण कुठे सगळ्यांत उजळ होते ते ऐकायचं. एका पाव फेरीत ब्लँकेट दूर केल्यासारखं होतं. माझ्या आईनं स्वयंपाकघरातून विचारलं होतं, “अगं, कॅसेट बदललीस का?” कॅसेट तीच होती. हा कोन कॅसेटगणिक लावायचा असतो. तो कंटाळा करू नका, कारण इथे गेलेले वरचे सूर पुढे कुठूनच परत येत नाहीत.

डॉल्बीचं, म्हणजे फितीची खरखर कमी करणाऱ्या सोयीचं, बटण मात्र घरच्या रेकॉर्डिंगला बहुतेक वेळा बंदच ठेवायचं. ते चालू ठेवून मूळ रेकॉर्डिंग झालं असेल तरच चालू करायचं. विकतच्या कॅसेटवर तसं चिन्ह छापलेलं असतं.

संगणकात घेताना

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात डेकची वायर खुपसू नका. ते भोक एकाच कानाचं असतं आणि माइकच्या क्षीण आवाजासाठी केलेलं असतं. डेकचा आवाज तिथे फाटतो. लाल-पांढऱ्या पिना घेणारा छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. बेहरिंगरचा यूसीए २०२ मी वापरते. तो १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंत घेतो आणि कॅसेटला तेवढं भरपूर आहे. १६ बिटमध्ये सगळ्यांत हलक्या आणि सगळ्यांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल मावतं. साध्या कॅसेटवर ते ५०-६० च्या आसपासच असतं. ज्यांना त्याहून महागडी यंत्रं घ्यावीशी वाटतात त्यांनी ते पैसे स्पीकरसाठी राखावेत.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि २००० सालापासून आहे. आवाजाचे नमुने घेण्याचा वेग ४४,१०० हर्ट्झ ठेवा, म्हणजे सीडीचाच. सुरुवातीला कॅसेटमधला सगळ्यांत जोरकस भाग, बहुधा द्रुतमधली, म्हणजे जलद लयीतली, तबल्याची तिहाई, वाजवून बघा आणि पडद्यावरची आवाजाची पट्टी उणे ६ डेसिबलच्या पुढे जाणार नाही एवढा आवाज लावा. एकदा लाल झालं की तो कण गेला.

रेकॉर्डिंग चालू असताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. चार्जर लावला की बऱ्याचदा विजेचा ५० हर्ट्झचा गुंजारव आवाजात शिरतो, आणि खर्जाच्या तारेखाली तो सतत बेसूर घुमत राहतो. मी पहिल्या अकरा कॅसेटी चार्जर लावून उतरवल्या आणि पुन्हा सगळ्या केल्या.

९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटंच लागतात. हे लवकर होत नाही आणि व्हायलाही नको. मी दुपारी जेवणानंतर रोज एक लावते आणि शेजारी बसून वहीत लिहिते : इतक्या मिनिटाला राग बदलला, इथे कुणी खोकलं, इथे नाना “अरे, खिडकी लाव” म्हणतात. ही वही पुढे सोन्याची ठरली. ऑडॅसिटीत कंट्रोल आणि बी दाबून त्या त्या जागी खूण ठेवता येते आणि शेवटी त्या खुणांवरून प्रत्येक रागाची वेगळी फाइल आपोआप निघते.

फाइल फ्लॅकमध्ये काढा. फ्लॅक हा २००१ पासूनचा मोफत प्रकार आहे. फाइल साधारण निम्मी होते आणि आवाजातलं काहीच जात नाही. एमपी३ मात्र आवाजातले काही अंश कायमचे टाकून देतो. फोनवर ऐकायला नंतर एमपी३ करा, हरकत नाही, पण दर सेकंदाला १९२ किलोबिटच्या (केबीपीएस) खाली जाऊ नका. ६४ वर तंबोऱ्याची जवारी कशी चुरचुरते ते एकदा मुद्दाम ऐकून बघा. एका मिनिटाचं मूळ ध्वनिमुद्रण सुमारे १० एमबी होतं. माझं सगळं मिळून २०० तासांच्या आसपास, म्हणजे फ्लॅकमध्ये ७० जीबीच्या घरात. आयुष्यभराचं गाणं नखाएवढ्या मेमरी कार्डवर मावतं.

खरखर आणि तंबोरा

ऑडॅसिटीतलं खरखर काढायचं काम दोन पायऱ्यांत होतं. आधी नुसती खरखर असलेला तुकडा निवडून त्याची ओळख करून द्यायची, मग सगळ्या फाइलवर ते लावायचं. बहुतेक लोक गायक गप्प आहे असा तुकडा निवडतात. तिथे तंबोरा चालू असतो! सॉफ्टवेअरला तंबोरा आणि पंख्याची घरघर यांतला फरक कळत नाही. दोन्ही सतत, एकसारखे. ते तंबोऱ्यालाच खरखर समजतं आणि पुढे तासभर खाऊन टाकतं. उरतो तो पोकळीत गाणारा माणूस. बाजारात आणि इंटरनेटवर ‘स्वच्छ केलेली’ म्हणून मिळणारी जुनी ध्वनिमुद्रणं अशी का वाटतात हे मला तेव्हा कळलं.

म्हणून ओळख देण्यासाठी तंबोरा सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन सेकंद घ्या. ते नसतील तर हे काम करूच नका. खरखर किती कमी करायची तो आकडा ६ डेसिबलच्या वर नेऊ नका. आणि लावण्याआधी त्याच चौकटीतला ‘रेसिड्यू’ हा पर्याय निवडून ऐका : आपण काय काय फेकणार आहोत तेवढंच त्यात वाजतं. त्यात नुसती सुस्कारल्यासारखी खरखर असेल तर पुढे जा. झणझण ऐकू आली तर थांबा. १४० पैकी जेमतेम ३० कॅसेटींवर मी हे वापरलं. बाकीच्यांची खरखर आहे तशी ठेवली. दोन मिनिटांत कान तिच्या पलीकडे जातो.

पट्टी लावणे

हा भाग मला कुठे लिहिलेला सापडला नाही, म्हणून जरा सविस्तर.

नाना सेलवरचा टेपरेकॉर्डर घेऊन बैठकीला जात. सेल उतरत आले की यंत्र हळू फिरतं. हळू फिरताना भरलेलं गाणं आज नेमक्या वेगानं वाजवलं की ते पळतं आणि सूर चढतो. वडील काळी एकमध्ये गात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. १९८०च्या दशकातल्या त्यांच्या कॅसेटी मी उतरवल्या तेव्हा कित्येकींवर ते पांढरी दोनमध्ये, म्हणजे लगेच वरच्या पट्टीत, गाताना ऐकू आले, आणि आवाज त्यांचा वाटेना. आई म्हणाली, “हे तुझे वडील नव्हेत, हा कुणी पोरगा आहे.” वेग उतरवल्याबरोबर ते परत आले.

करायचं असं. गायकाची पट्टी काय होती ते शोधा : घरच्यांना विचारा, त्याच गायकाच्या धड कॅसेटीवरून ठरवा, सोबतीला पेटी असेल तर तिच्यावरून. मग तंबोऱ्याचा षड्ज, म्हणजे सा, फोनवरच्या ट्यूनर ॲपला ऐकवा. पुरुषांच्या काळी एकचा मधला सा १३८.६ हर्ट्झ असतो, खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. ॲप किती सेंट वर-खाली ते दाखवतं. पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत १०० सेंट. १७ सेंट म्हणजे वेगात साधारण १ टक्का. ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड अँड पिच’ असा पर्याय आहे, तोच वापरा; सूर आणि लय दोन्ही एकत्र बदलतात, कारण फितीवर त्या दोन्ही एकत्रच बदलल्या होत्या. नुसता सूर बदलणारा पर्याय वापरला तर लय चुकीची राहते आणि आवाजावर कृत्रिम वळी पडते. पांढरी दोनवरून काळी एकवर आणायचं असेल तर वेगाच्या रकान्यात ०.९४४ लिहा.

बैठक चालू असतानाच सेल उतरले असतील तर सुरुवात बरोबर आणि शेवट चढलेला असतो. अशा वेळी ‘टाइम ट्रॅक’ घालून त्याची रेघ हळूहळू खाली वाकवायची. मी दर पाच मिनिटांनी षड्ज मोजून रेघेवर ठिपका देते. एका बागेश्रीला मला तीन दुपारी लागल्या. मिरजेत आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं आहेत. शंका आली की मी फोनवर तुकडा घेऊन तिथे जाते. ओळखीचे कारागीर आहेत, ते घोडीवरचा दोरा सरकवून जवारी लावता लावता ऐकतात आणि “अजून थोडं उतरवा, ताई” म्हणतात. आतापर्यंत प्रत्येक वेळी त्यांचं बरोबर निघालं आहे.

मूळ, न बदललेली फाइल मात्र कधीही पुसायची नाही. दुरुस्त केलेली वेगळी ठेवायची.

नावं कशी द्यायची

सगळी गाणी वाजवणारी सॉफ्टवेअर गायक, अल्बम, गाणं या तीन रकान्यांवर बेतलेली आहेत. आपल्या गाण्याला ते पुरत नाही. मला ‘यमन’ म्हटल्यावर घरातले सगळे यमन पुढे यायला हवेत, मग गायक कुणी का असेना. सुदैवानं फ्लॅक फाइलमध्ये आपल्याला हवे तेवढे नवे रकाने काढता येतात. मी एमपी३टॅग नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरते. त्यात अल्ट आणि टी दाबलं की जास्तीचे रकाने उघडतात. माझे रकाने असे : राग, ताल, बंदिशीचा मुखडा, तबला, पेटी, प्रहर, ठिकाण, कॅसेट क्रमांक. नव्या रकान्यांची शीर्षकं रोमनमध्ये दिली, आतला मजकूर देवनागरीत. फूबार २००० या प्लेयरमध्ये ‘अल्बम लिस्ट’च्या सेटिंगमध्ये राग, मग गायक, मग शीर्षक अशी मांडणी लिहून दिली की डावीकडे रागांची यादी उभी राहते. जे प्लेयर नवे रकाने दाखवत नाहीत त्यांच्यासाठी मी रागाचं नाव ‘जॉनर’च्या रकान्यातही लिहिते, जॉनरवरून शोधायची सोय जवळपास सगळ्यांत असते.

एक नाव एकदाच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. भीमपलास की भीमपलासी, ललत की ललित, पूरिया की पुरिया. मी दोन्ही लिहीत गेले आणि एका रागाचे तीन राग झाले. फाइलचं नाव मात्र रोमन लिपीत आणि आकड्यांनी सुरू होणारं ठेवा, कारण जुने म्युझिक सिस्टीम आणि गाडीतले प्लेयर देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात.

प्रहराच्या रकान्याचा उपयोग मला सगळ्यांत जास्त झाला. त्यावरून सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशा याद्या आपोआप बनतात. सकाळी भैरव, तोडी, ललत. उन्हाच्या वेळी सारंग. चार वाजता भीमपलास. दिवेलागणीला मारवा, पूरिया, मग यमन. रात्री बागेश्री आणि मालकंस. कुठलंही गाणं कुठेही लावून देणारं ‘शफल’ आमच्या घरात बंद आहे.

सीडी असतील तर विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. दोन्ही सीडीचा प्रत्येक भाग नीट वाचला गेला का हे तपासतात आणि तीच सीडी इतरांनी उतरवली असेल तर तिच्याशी ताळा जुळवून बघतात. इंटरनेटवरून आपोआप येणारी नावं शास्त्रीय संगीताच्या सीडीला बऱ्याचदा चुकीची असतात; डबीवरचं बघून स्वतः लिहा.

वाजवायचं कशावर

सगळ्यांत सोपं आणि स्वस्त : एक जुना फोन, त्यात मेमरी कार्ड किंवा ओटीजीवर (फोनला पेनड्राइव्ह जोडणाऱ्या पिनेवर) पेनड्राइव्ह, व्हीएलसी ॲप, फोनच्या खालच्या भोकात बसणारा छोटा डॅक, आणि तिथून ३.५ मिमीची पिन ते दोन लाल-पांढऱ्या पिना अशी वायर घेऊन ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ लिहिलेल्या भोकांत. डॅक म्हणजे आकड्यांचा परत आवाज करणारी चिप. काही हजारांत आज उत्तम मिळतो. ब्लूटूथ स्वयंपाकघरात भाजी चिरताना ठीक आहे, पण बसून ऐकायचं असेल तर वायर लावा. ब्लूटूथवर आवाज पुन्हा एकदा दाबला जातो आणि मध्ये फोन आला की गाणं तुटतं.

मी पुढे गेले ते आईसाठी. आई ८४ वर्षांची आहे. तिला फोनवरचं काही दिसत नाही आणि कुणाला हाक मारून गाणं लावायला सांगणं तिला आवडत नाही. तिला पूर्वीच्या रेडिओसारखं हवं होतं, बटण दाबलं की सुरू. त्यासाठी रास्पबेरी पाय घेतला. पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक आहे हा. गाण्यासाठी जुना पाय ३ सुद्धा पुरतो. त्यावर मूड ऑडिओ नावाची मोफत प्रणाली घातली. कृती अशी : लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर हे सॉफ्टवेअर उघडून प्रणाली मायक्रोएसडी कार्डवर लिहायची, कार्ड पायमध्ये घालायचं, गाण्यांचा पेनड्राइव्ह आणि यूएसबी डॅक लावायचा, वीज द्यायची. मग त्याच वायफायवरच्या फोनच्या ब्राउझरमध्ये मूड डॉट लोकल असा पत्ता रोमनमध्ये टाकला की सगळा खजिना समोर येतो. पाय ३ आणि पाय ४ वर स्वतःचं हेडफोनचं भोक असतं, पण त्याचा आवाज पातळ आहे. डॅक वेगळाच घ्या. व्हॉल्युमिओ ही अशीच दुसरी प्रणाली आहे, दिसायला सोपी, पण तिच्या काही सोयी पैसे भरून मिळतात.

मूडच्या सेटिंगमध्ये वीज आल्याबरोबर आपोआप वाजायला लागायची सोय आहे. ती चालू केली. आता आई पलंगाशेजारचं भिंतीवरचं बटण दाबते आणि मिनिटाभरात गाणं सुरू होतं. वीज अचानक गेली तर कार्ड बिघडू शकतं, आणि आमच्याकडे वीज जाते. म्हणून गाणी कार्डावर न ठेवता वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली आणि तयार कार्डाची एक जशीच्या तशी प्रत कपाटात ठेवली. राउटरसाठी मिळतो तसा छोटा यूपीएस घेतला तर आणखी बरं. व्होल्ट आणि अँपिअर पायच्या चार्जरशी जुळतात का तेवढं बघा.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी तपासा. एक, दोन फाइलींच्या मध्ये खंड पडू न देणारं ‘गॅपलेस’ चालू हवं, नाहीतर संथ लयीतलं विलंबित संपून द्रुत सुरू होताना तंबोरा तुटतो. दोन, ‘क्रॉसफेड’ शून्यावर हवं, नाहीतर एका रागाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळतो. ही दुसरी गोष्ट स्पॉटिफायसारख्या ॲपमध्येही बघा, आणि तिथे आवाजाची प्रत सगळ्यांत वरची निवडा. आपोआप पुढचं गाणं लावणारं ‘ऑटोप्ले’ बंद करा. आकाशवाणीची ‘रागम’ ही शास्त्रीय संगीताची वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास चालू आहे आणि न्यूज ऑन एआयआर या ॲपवर फुकट मिळते. आमच्याकडे रोज लागते.

खोली

नानांचा जुना ॲम्प्लिफायर मी दुरुस्त करून घेतला आणि खर्च स्पीकरवर केला. पण खरा फरक पडला तो स्पीकर हलवल्यावर, आणि त्याला एक रुपया लागला नाही. आधी ते शोकेसमध्ये काचेच्या आत होते. बाहेर काढले, भिंतीपासून हातभर पुढे आणले, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील अशा स्टुलांवर ठेवले. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येकापासून माझ्या खुर्चीचं अंतर सारखं केलं. कोपऱ्यात ठेवला की खर्ज घुमतो आणि शब्द बुडतात. आमच्याकडे शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती. टाळी वाजवली की खणखणायची. खाली सतरंजी अंथरली, समोरच्या भिंतीला आईची जुनी गोधडी टांगली. आता गायक खोलीत बसल्यासारखा वाटतो आणि तंबोरा त्याच्या मागे, दोन्ही बाजूंना पसरलेला.

प्रती

एक डिस्क घरी, एक पेनड्राइव्ह आईच्या यंत्रात, आणि एक डिस्क पुण्यात भावाकडे तिसऱ्या मजल्यावर. पुरानं शिकवलं ते हे : सगळ्या प्रती एकाच नदीच्या काठी ठेवायच्या नाहीत. दिवाळीला भाऊ येतो तेव्हा डिस्क अदलाबदल करतो आणि दोन-चार फाइली वाजवून बघतो. मूळ कॅसेटी फेकलेल्या नाहीत. उभ्या, कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवल्या आहेत.

दुसऱ्यांच्या बैठकींच्या फाइली मी इंटरनेटवर टाकत नाही. आपल्या कायद्यात प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षं असतो आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे स्वतःचे हक्क वेगळे असतात. त्या कलाकारांच्या घरच्यांना मात्र मी शोधून प्रत पोचवते. आतापर्यंत चार घरांत पोचवली. एका घरी आजोबांचा आवाज नातवंडांनी पहिल्यांदाच ऐकला.

एक काम ज्याला कुठलंही यंत्र लागत नाही ते आधी करा. साथीला कोण आहे, बैठक कुणाच्या घरी झाली, मागे “वाहवा” कोण म्हणतं, हे सांगणारी माणसं म्हातारी झाली आहेत. मी संध्याकाळी आईजवळ बसते, फाइल लावते आणि गप्प राहते. परवा तिनं एका मालकंसातला तबला चार आवर्तनांत ओळखला आणि त्या दिवशी जेवायला काय होतं तेही सांगितलं. मी लगेच रकाना भरला. अजून ११ फाइलींत तबल्याचा रकाना रिकामा आहे.